ध्वनिक्षेपकापासून देयकापर्यंत

राजकीय बातम्यांना विटलेल्या माणसाला त्याचे हितचिंतक सामान्यतः दोनच उपाय सुचवितात : एक तर वृत्तपत्र बंद करावे, किंवा त्यात जे छापून येते त्याकडे करमणूक म्हणून पाहावे. पहिल्या उपायाने रक्तदाब उतरतो हे खरे. परंतु ज्या रस्त्याचे पैसे आपल्या खिशातून गेले तो रस्ता निदान कागदावर तरी कोठवर आला आहे, हे कळण्याची वाटही बंद होते. दुसऱ्या उपायाने माणूस विनोदी होतो, आणि विनोदी नागरिकाइतका निरुपद्रवी प्राणी राज्यकर्त्यांना दुसरा ठाऊक नाही. या दोहोंहून निराळी अशी एक तजवीज येथे मांडावयाची आहे. ती काहीशी कंटाळवाणी आहे. पण संतापावर कंटाळ्याइतके गुणकारी औषध मला तरी अद्याप आढळलेले नाही.

तजवीज अशी की, पुढाऱ्याने काय म्हटले, ते कोणत्या आवेशात म्हटले आणि त्यावर प्रतिपक्षाच्या प्रवक्त्याने कोणते बोचरे उत्तर दिले, हे सर्व बाजूस ठेवून, ज्या कामाविषयी हा गदारोळ चालला आहे ते काम आजमितीस कोणत्या कागदापर्यंत पोहोचले आहे, एवढाच प्रश्न आपण बातमीला विचारावा. सभेतील ध्वनिक्षेपकापासून निघालेली घोषणा कंत्राटदाराच्या देयकापर्यंत पोहोचावयाची तर तिला मंत्रिमंडळाची मान्यता, विभागाचा शासन निर्णय, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अर्थसंकल्पातील तरतूद, निविदा, कार्यादेश आणि मोजमाप एवढे नाके ओलांडावे लागतात. प्रत्येक नाक्यावर बातमी होते, प्रत्येक नाक्यावर अभिनंदनाचा फलक लागतो, आणि मधल्या काळात सत्तापालट झाला तर जुन्या फलकांवरचे चेहरे बदलून तोच क्रम पुन्हा सुरू होतो. पाच-सहा वर्षे इमानाने वृत्तपत्र वाचणाऱ्याची समजूत अशी होते की आपल्या तालुक्यात निदान सहा पूल झाले असावेत. नदीला मात्र त्यांपैकी एकाचाही पत्ता नसतो.

या नाक्यांपैकी सामान्य वाचकाच्या आटोक्यातला आणि सर्वांत बोलका नाका म्हणजे शासन निर्णय. मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर जे प्रसिद्धिपत्रक निघते ते आशीर्वादासारखे असते, आणि शासन निर्णय दस्तऐवजासारखा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्याला स्वतःचा संकेतांक असतो, आणि संविधानाच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे तो राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने काढलेला असतो. वर्तमानपत्रात 'निर्णय झाला' असे वाचल्यावर आठवडा-पंधरवडा थांबावे आणि तो निर्णय संकेतस्थळावर उतरला की नाही हे पाहावे. उतरला नसेल तर निर्णय झाला नसून निर्णयाची बातमी झाली, असे समजण्यास हरकत नाही.

उतरला असेल तर तो वाचण्याची रीत थोडी उलटी आहे. प्रस्तावनेत योजनेचे जे माहात्म्य असते ते प्रथम वगळावे आणि शेवटाकडून प्रारंभ करावा, कारण शेवटी हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावयाचा आणि वित्त विभागाने कोणत्या अनौपचारिक संदर्भान्वये त्यास सहमती दिली, याचा उल्लेख असतो. ज्या निर्णयात लेखाशीर्ष नाही आणि वित्त विभागाचा संदर्भ नाही, तो बहुधा एखादी समिती नेमण्याचा, किंवा पूर्वीच्या समितीला मुदतवाढ देण्याचा असतो. त्यानंतर वरती येऊन अटी व अपात्रतेचे निकष वाचावेत. योजनेचे अंतःकरण प्रस्तावनेत आणि तिचे मन अपात्रतेच्या परिच्छेदात असते.

कर्जमाफीच्या दोन योजनांवरून हे नीट ध्यानात येईल, आणि त्या दोन निरनिराळ्या सरकारांच्या असल्यामुळे कोणाचाही पक्षाभिमान दुखावण्याचे कारण नाही. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली तेव्हा ३४,०२२ कोटी रुपये हा आकडा महाराष्ट्राच्या प्रत्येक पानाच्या टपरीवर पोहोचला होता. दीड लाखाची मर्यादा, कुटुंबाची व्याख्या, ऑनलाइन अर्जाची अट आणि नंतरची शुद्धिपत्रके मात्र त्या टपरीपर्यंत पोहोचली नाहीत, आणि प्रत्यक्ष वाटप जाहीर आकड्याच्या पुष्कळ खाली राहिले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात दुसऱ्या सरकारने दोन लाखांपर्यंतच्या कर्जमुक्तीची घोषणा केली. ऐकणाऱ्याचा समज असा झाला की अडीच लाख थकबाकी असलेल्याचे दोन लाख माफ होऊन पन्नास हजार उरतील. शासन निर्णय वाचणाऱ्यास मात्र त्याच महिन्यात कळले की थकबाकी दोन लाखांच्या वर असलेला शेतकरी या योजनेत मुळातच बसत नाही. नियमाने कर्ज फेडणाऱ्यांसाठी पन्नास हजारांपर्यंतच्या प्रोत्साहनपर रकमेची कथा तर याहूनही बोधप्रद आहे : ती मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि २०२२ च्या उत्तरार्धात, दरम्यान सरकार बदलल्यानंतर, खात्यांत जमा होऊ लागली. घोषणेचे श्रेय एकाने घेतले, जमेचे दुसऱ्याने. वाट पाहण्याचे श्रेय अर्थातच शेतकऱ्याकडे राहिले.

याउलट, सरकारला जेव्हा खरोखरच घाई असते तेव्हा कागद किती चपळाईने धावतात, हेही पाहण्यासारखे असते. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची घोषणा २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात झाली आणि शासन निर्णय त्याच दिवशी निघाला. विधानसभेचे मतदान त्या वर्षी २० नोव्हेंबरला होते, ही गोष्ट वाचकाने स्वतःच जोडून घ्यावी. दरमहा १५०० रुपयांचे २१०० करण्याचे आश्वासन सत्ताधाऱ्यांच्या, आणि ३००० देण्याचे विरोधकांच्या जाहीरनाम्यात होते; लाभार्थींची कसोशीने पडताळणी करण्याची निकड मात्र कोणत्याही बाजूस मतदानापूर्वी भासली नाही, ती मतदानानंतर भासली. जाहीरनाम्यातील आश्वासन हा निवडणूक कायद्याच्या अर्थाने भ्रष्टाचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात म्हटलेले आहे. तेव्हा जाहीरनामा हातात घेताना तो सनद म्हणून नव्हे, अर्ज म्हणून वाचावा.

आता आकड्यांविषयी. अर्थसंकल्पाच्या दिवशी वृत्तपत्रे जो आकडा मोठ्या टंकात छापतात तो अंदाज असतो, आणि तो अंदाज करणाऱ्याला पुढील वर्षी कोणी विचारीत नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. परंतु अर्थसंकल्पाच्या प्रकाशनांत त्या आकड्याच्या शेजारीच चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचा सुधारित अंदाज आणि त्यापूर्वीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असे आणखी तीन रकाने असतात. आपल्या जिव्हाळ्याचे एकच खाते निवडावे, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्रांचे असो, ग्रंथालयांचे असो की लघुपाटबंधाऱ्यांचे, आणि दरवर्षी त्याच खात्याचे चारही रकाने वहीत उतरवून घ्यावेत. तीन वर्षांत असे दिसू लागते की काही खात्यांना मार्चमध्ये भरभरून वाढले जाते, पुढे निधी वितरणाच्या वेळी हात आखडला जातो, आणि प्रत्यक्ष खर्चाचा आकडा प्रसिद्ध होईतो मूळ घोषणा विस्मरणात जाते. ज्यांना चालू वर्षातच डोकावावयाचे आहे त्यांच्यासाठी वित्त विभागाची 'बीम्स' ही प्रणाली आहे. तीत तरतूद किती, वितरित किती आणि खर्ची किती हे पाहता येते. वाहिन्यांवरच्या एका चर्चेला लागतो त्याहून कमी वेळ त्याला लागतो.

पुरवणी मागण्यांची बातमी आतल्या पानात असते म्हणून ती सोडू नये. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांच्या प्रारंभी हजारो कोटींच्या ज्या मागण्या सभागृहासमोर येतात, त्यांवरून मार्चमधला अर्थसंकल्प कितपत मनावर घेऊन लिहिला होता, याचा अदमास बांधता येतो. मोठ्या आकड्यासमोर आणखी तीन प्रश्न ठेवावेत : हा खर्च किती वर्षांत करावयाचा आहे, यात केंद्राचा, कर्जाचा आणि खासगी भागीदाराचा वाटा किती, आणि यातील किती रक्कम गेल्या वर्षीच्या घोषणेतलीच आहे? 'पॅकेज' नावाची जी वस्तू विशेषतः नागपूर अधिवेशनाच्या अखेरीस, अंतिम आठवडा प्रस्तावाला उत्तर देताना बाहेर काढली जाते, तिची घडी या तीन प्रश्नांनी उलगडली असता आत बहुधा ओळखीचे कपडे निघतात.

सामंजस्य करारांच्या आकड्यांबद्दल मी अधिक लिहिणार नाही, कारण तेथे आकड्यावर रागावणेही व्यर्थ आहे. २०१८ च्या 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' मध्ये सुमारे बारा लाख कोटींचे करार झाले आणि २०२५ साली दावोसच्या थंडीत पंधरा लाख कोटींच्या वर झाले. सामंजस्य करार म्हणजे 'येऊ म्हणतो' एवढेच. जमिनीचे वाटप, पर्यावरणाची परवानगी आणि वीजजोडणी यांची बातमी येईपर्यंत त्याची नोंद पेन्सिलीने करावी. वेदांत-फॉक्सकॉन प्रकरण यासाठी कायम स्मरणात ठेवण्यासारखे आहे. १.५४ लाख कोटींचा तो अर्धवाहक प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार, असे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर होताच कोणी तो घालविला यावरून महाराष्ट्रात जी रणधुमाळी माजली, तीत आजी-माजी मंत्र्यांनी परस्परांची पत्रे, तारखा आणि बैठकांची इतिवृत्ते जनतेसमोर फडकविली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले, आणि जो कारखाना पळविल्याबद्दल आपण इतके दिवस हळहळलो तो त्या भागीदारांच्या हातून गुजरातेतही उभा राहिला नाही. त्या बातमीवर मात्र कोणाचीही प्रदीर्घ पत्रकार परिषद झाल्याचे स्मरत नाही.

भूमिपूजनाची छायाचित्रे पाहताना कुदळीकडे न पाहता कार्यादेशाच्या तारखेकडे पाहावे. दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झाले. अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयातून त्या कामाला स्थगिती मिळाली. ज्या दोन नावांसमोर महाराष्ट्रातील कोणताही पक्ष नतमस्तक होण्यात मागे राहत नाही त्यांच्या स्मारकांची ही गत, तर गावच्या व्यायामशाळेने फारसे वाईट वाटून घेऊ नये. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल कोकणच्या माणसाला सल्ला देण्याचे धाडस मी करीत नाही. दर गणेशोत्सवापूर्वी मंत्र्यांचा पाहणी दौरा, खड्डे बुजविण्याची ताकीद आणि काम पुरे होण्याची नवी तारीख, या तिन्ही गोष्टी तो आता पंचांगात पाहतो.

विरोधी पक्षांची भाषा सरकारपेक्षा अधिक विश्वसनीय असते असे मानण्याची एक सवय त्रस्त माणसाला लागते, तीही सोडावी. 'राजीनामा द्या' आणि 'चौकशी करा' या दोन मागण्या सत्तेच्या बाहेर असताना प्रत्येक पक्षाच्या जिभेवर असतात, म्हणून त्या मान्य झाल्यावर पुढे काय होते हे माहीत असणे इष्ट. चौकशी आयोग १९५२ च्या कायद्याखाली नेमलेला असेल तर त्याचा अहवाल, त्यावरील कार्यवाहीच्या ज्ञापनासह, सादर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सभागृहासमोर ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे. त्याचे निष्कर्ष स्वीकारणे मात्र बंधनकारक नाही. कुलाब्याच्या 'आदर्श' इमारतीविषयी न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाचा अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये नागपुरात सभागृहापुढे आला तो सरकारने फेटाळल्याच्या वार्तेसहच. पुढे चोहोकडून टीका झाल्यावर जानेवारीत तो अंशतः स्वीकारण्यात आला. राजीनाम्याचे आयुष्य याहूनही अल्प असू शकते. सिंचनाच्या प्रश्नावरून सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्र्यांनी दिलेला राजीनामा, दरम्यान श्वेतपत्रिका निघून, त्याच डिसेंबरात पुनरागमनाने पुरा झाला. तेव्हा चौकशीची घोषणा वाचताच वहीत तीन रकाने आखावेत : कोणत्या कायद्याखाली, किती मुदतीत, आणि अहवाल कोणापुढे. पहिला रकाना रिकामा राहिला तर उरलेले दोन भरण्याची तसदी घेऊ नये.

विधिमंडळाचे खरे कामकाज पायऱ्यांवरील घोषणांत नसून प्रश्नोत्तरांच्या छापील यादीत असते, आणि ती यादी वाचणे हा माझ्या मते या राज्यातील सर्वांत उपेक्षित वाङ्मयानंद आहे. एखादा सदस्य विचारतो की अमुक तालुक्यातील पाणीपुरवठा योजना अपूर्ण आहे हे खरे आहे काय. असल्यास चौकशी केली काय. नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तर येते : हे अंशतः खरे आहे, चौकशी करण्यात येत आहे, प्रश्न उद्भवत नाही. नवख्याला वाटते की हे उत्तरच नव्हे. पण सरावलेला वाचक 'अंशतः खरे आहे' या तीन शब्दांत गुन्ह्याची कबुली ऐकतो, आणि 'करण्यात येत आहे' या क्रियापदाचे वय मोजतो; मागील अधिवेशनात ते याच रूपात होते काय, हे पाहिले की पुरे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या वचनांचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समिती असते. जी गोष्ट सभागृहात बोलली गेली तिचा माग त्या समितीला काढता येतो, जी सभेत बोलली गेली तिचा काढता येत नाही. म्हणून एखादे वचन कोणत्या छपराखाली दिले गेले याची नोंद अवश्य करावी. त्याचप्रमाणे अधिवेशन संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र जपून ठेवावे. महालेखापरीक्षकांचे अहवाल आपल्याकडे पुष्कळदा शेवटच्या दिवशी पटलावर येतात, जेव्हा त्यांवर चर्चा करण्यास वेळ उरलेला नसतो आणि वार्ताहरांचे सामान बांधून झालेले असते.

पक्षांतराच्या बातम्यांवर फार वेळ दवडू नये. कोण कोणाच्या संपर्कात आहे, ही 'सूत्रां'ची माहिती सूत्रांनाच लखलाभ असो. एवढे ठाऊक असले म्हणजे झाले की १९८५ च्या पक्षांतरबंदीत एक तृतीयांश फुटीला असलेली मुभा २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढली, आणि त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली. २८८ जणांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३ हून अधिक मंत्री होऊ शकत नाहीत. नाराजीच्या बहुतेक बातम्यांचा उगम या वजाबाकीत आहे.

उरलेला वेळ वृत्तपत्राच्या त्या पानाला द्यावा, जे कोणी वाचीत नाही : निविदा सूचनांचे पान. तेथे विशेषणे नसतात, श्रेय नसते. कामाचे नाव, अंदाजित किंमत, बयाणा रक्कम आणि मुदत एवढेच असते. ज्या रस्त्याचे तीन वेळा नारळ फुटले त्याची निविदा तेथे एकदाही दिसली नसेल तर तो रस्ता अद्याप भाषणातच आहे. आणि तीच निविदा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मुदतवाढीसह दिसली, तर ठेकेदार का फिरकत नाहीत, मागील देयके थकली आहेत काय, ही चौकशी करण्यासारखी आहे.

ती चौकशी करण्याचे साधन म्हणजे २००५ चा माहिती अधिकार अधिनियम. अर्जाला दहा रुपये लागतात, ते कोर्ट फी स्टॅम्प लावूनही भरता येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ आहेत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारणतः दीडशे शब्दांत असावा लागतो, म्हणून मनातील खदखद त्यात ओतू नये. 'रस्ता का झाला नाही' असे विचारल्यास 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असे उत्तर येऊन तीस दिवस फुकट जातात. त्याऐवजी अमुक कामाच्या प्रशासकीय मान्यतेची, कार्यादेशाची, मुदतवाढीच्या आदेशांची आणि अदा केलेल्या देयकांच्या तपशिलाची प्रत मागावी, आणि मोजमाप पुस्तिकेच्या निरीक्षणासाठी वेळ मागावी. कागद मागितला की कागद देणे किंवा तो नाही असे लिहून देणे, याखेरीज अधिकाऱ्याला सरळ मार्ग उरत नाही. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अपील करावे, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शाखेचा तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.